झारीतलं पेट्रोल



‘जगात जर्मनी, भारतात परभणी’ असं आपण लहानपणापासून ऐकत आलो. कशात, ते कुणी विचारायचं नसतं. पण २०२१ च्या मे महिन्यात त्याचं एक उत्तर मिळालं. मुंबईत पेट्रोलनं शंभरी गाठली ती २९ मे रोजी. आपण परभणीकर मुंबईच्या आधीच ती गाठून बसलो होतो. राज्यात सर्वांत महाग पेट्रोल परभणीत, अशी बातमी रोज झळकायची. पुण्याचे नातेवाईक मला फोन करून सांगायचे, ‘अहो, तुमचं गाव टीव्हीवर आहे!’ जणू आमच्या नळाला चोवीस तास पाणी आलं होतं.

ज्यांच्या स्मृतीसाठी आपण दरवर्षी जमतो, ते गुरुजी आयुष्यभर सायकलवर फिरले. त्यामुळे विषय कळवल्यावर संयोजक जरा चाचरले. ‘सर, गुरुजी आणि पेट्रोल?’ पण गुरुजींबरोबर मंडईत गेलेल्यांना आठवत असेल, ते घासाघीस करायचे नाहीत. भाव का वाढला, तेवढं विचारायचे. मेथीची जुडी कालच्यापेक्षा दोन रुपयांनी वर का, हे मावशीनं समजावून सांगितलं की मुकाट्यानं पैसे काढून द्यायचे. मी आज तोच प्रश्न घेऊन उभा आहे. फरक इतकाच, की मेथीवाली मावशी खरं सांगते.

प्रश्न खरं तर दोन आहेत. भाव चढतो का, हा पहिला. चढलेला भाव तितकाच उतरत का नाही, हा दुसरा. पहिल्याचं उत्तर आखातात आहे, रशियात आहे, अमेरिकेत आहे. दुसऱ्याचं दिल्लीत आणि मुंबईत. आपण चिडतो पहिल्यावर. खिसा मात्र जास्त करून दुसऱ्यानं कापला जातो.

आधी पहिला घेऊ.

आपल्याला लागणाऱ्या कच्च्या तेलापैकी ८५ टक्क्यांहून अधिक आपण बाहेरून आणतो. हे तेल मोजायचं बॅरलमध्ये, एका बॅरलचे १५९ लिटर. पैसे डॉलरमध्ये. त्याचा भाव ठरतो कसा? जमिनीतून काढायला किती खर्च आला, यावर नाही. लासलगावात कांद्याचा भाव कांदा पिकवण्याच्या खर्चावर ठरतो का? आज बाजारात किती ट्रॅक्टर आले, उद्या किती येतील असं व्यापाऱ्याला वाटतं, यावर ठरतो. आवक थोडी घटली तर भाव थोडा वाढत नाही, उडी मारतो. कारण कांद्यावाचून घर अडतं. तेलाचं तसंच आहे, किंबहुना जास्तच. जगाला दिवसाला सुमारे १० कोटी बॅरल तेल लागतं. त्यातलं एखाद-दोन टक्के कमी पडेल अशी नुसती भीती पसरली तरी पुरे. तेल महागलं म्हणून उद्या सकाळी कोणी कामावर जायचं थांबत नाही, ट्रकवाला माल उतरवून घरी बसत नाही. गाडी चालूच राहते आणि भाव पळत सुटतो.

१९७३ च्या ऑक्टोबरात अरब-इस्रायल युद्ध पेटलं, अरब देशांनी तेल अडवलं, आणि बॅरलला तीन डॉलरच्या आसपास मिळणारं तेल काही महिन्यांत बाराच्या घरात गेलं. आपल्याकडे पेट्रोल महागलं. त्या नोव्हेंबरात अटलबिहारी वाजपेयी निषेध म्हणून बैलगाडीतून संसदेत गेले होते. सभागृहातल्या ज्येष्ठांना तो फोटो आठवत असेल. पुढे २००२ मध्ये, सरकारनं तेलाचे भाव ठरवण्याची जुनी पद्धत मोडीत निघाली तेव्हा पंतप्रधान कोण होते? तेच. बैलगाडी तोवर कुठं गेली होती, कोण जाणे.

असो. २००८ च्या जुलैमध्ये तेल १४७ डॉलरवर गेलं आणि वर्ष संपता संपता चाळिशीच्या खाली आलं. आणि २० एप्रिल २०२० ला तर कमालच झाली. जग टाळेबंदीत, गाड्या उभ्या, विमानं उभी. अमेरिकेत ओक्लाहोमा राज्यातल्या कुशिंग गावी तेल साठवायच्या टाक्या तुडुंब. तिथल्या मे महिन्याच्या सौद्याचा भाव त्या दिवशी उणे ३७ डॉलर ६३ सेंटवर बंद झाला. उणे! म्हणजे तेल घ्या आणि वर पैसेही घ्या, पण एकदाचं घेऊन जा. आपल्या वांग्या-टोमॅटोवाल्यांना हे नवीन नाही. भाव पडला की गाडीभाडंसुद्धा निघत नाही म्हणून माल बाजाराबाहेर ओतून येतात. फक्त तेल ओतता येत नाही.

आणि पंपावर? पंपावर काय झालं, ते पुढे सांगतो. तेवढं लक्षात ठेवा.

यात आणखी एक पात्र आहे, ज्याच्याकडे आपलं लक्ष जात नाही. रुपया. २००८ मध्ये तेल १४७ डॉलर होतं तेव्हा डॉलर ४३ रुपयांना मिळत होता. हिशेब करा, कच्चं तेल लिटरला साधारण ४० रुपये पडलं. २०२५ मध्ये तेल ६५ डॉलरच्या आसपास होतं, निम्म्याहूनही कमी. पण डॉलर ८८ रुपयांवर. म्हणजे लिटरला ३६. जगाच्या दृष्टीनं तेल अर्ध्याहून स्वस्त झालं, आपल्या दृष्टीनं चार रुपयांनी. बातम्यांत तेलाचा भाव डॉलरमध्ये सांगतात आणि पंपावर पैसे रुपयांत घेतात. आपली निम्मी गल्लत इथंच होते.

दुसरी गल्लत कच्च्या तेलाची आणि पेट्रोलची. कापूस उतरला म्हणून सदऱ्याचं कापड उतरलेलं इथं कुणी पाहिलंय? हा कापसाचा जिल्हा आहे, तुम्हाला मी काय सांगावं! कापसाला एक बाजार, कापडाला दुसरा. तसंच कच्च्या तेलाला एक बाजार आणि शुद्ध केलेल्या पेट्रोलला दुसरा. आपल्या कंपन्या कच्चं तेल आणून इथंच शुद्ध करतात. मुंबईत माहुलला दोन जुने कारखाने आहेत, १९५० च्या दशकातले. पूर्वी परदेशी कंपन्यांचे होते, सत्तरच्या दशकात सरकारनं ताब्यात घेतले, तेच आजचे हिंदुस्तान पेट्रोलियम आणि भारत पेट्रोलियम. पण इथं तयार होणाऱ्या पेट्रोलचा भाव धरायचा कसा? तर तेच पेट्रोल परदेशातून आणलं असतं तर काय पडलं असतं, याचा ८० टक्के विचार, आणि बाहेर विकलं असतं तर काय मिळालं असतं, याचा २० टक्के. २००६ पासूनचा हा हिशेब. १९७४ मध्ये ‘सागर सम्राट’ जहाजानं मुंबईच्या समुद्रात तेल शोधलं, तेव्हा आम्हा पोरांना वाटलं होतं की आता घरचं तेल, फुकट नाही तरी स्वस्त मिळणार. घरच्या गाईचं दूधही डेअरीच्या भावानंच मोजायचं असतं, हे अर्थशास्त्र शिकल्यावर कळलं.

आता आपल्या परभणीचं. आपण राज्यात पहिले का? कर इथं वेगळा नाही, नशीबही वेगळं नाही. माहुलचं पेट्रोल नळानं मनमाडपर्यंत येतं. मनमाडजवळ पानेवाडीला मोठे डेपो आहेत, तिथं टँकर भरतात. तिथून परभणी सुमारे साडेतीनशे किलोमीटर. टँकरचं ते भाडं लिटरच्या भावात बसतं, आणि राज्याचा कर टक्केवारीत असल्यानं त्या भाड्यावरसुद्धा कर बसतो. राजस्थानातलं श्रीगंगानगर असंच, डेपोपासून लांब. तिथं साध्या पेट्रोलची शंभरी फेब्रुवारी २०२१ मध्येच झाली. त्या दिवसांत देशात काही जुन्या मशीनवर तीन आकडी दर दाखवायला जागाच नव्हती, म्हणून विक्री थांबवावी लागली होती. मशीन बनवणाऱ्यालाही वाटलं नव्हतं आपण इथवर येऊ.

इथपर्यंत जे सांगितलं त्यात सरकारकडे बोट दाखवण्यासारखं फारसं काही नाही. आता ते बोट दाखवू.

२०२५ सालचं मुंबईचं एक लिटर पेट्रोल घ्या. भाव १०३ रुपये ५० पैसे. त्यात कच्चं तेल, जहाजाचं भाडं, शुद्धीकरण, कंपनीचा नफा, डेपोपर्यंतची वाहतूक आणि पंपमालकाचं चार रुपयांच्या आसपासचं कमिशन, हे सगळं मिळून साधारण ५७ रुपये. केंद्राचं उत्पादन शुल्क २१ रुपये ९० पैसे. या दोहोंच्या बेरजेवर राज्याचा व्हॅट २५ टक्के, आणि त्याच्यावर लिटरमागे ५ रुपये १२ पैसे आणखी. म्हणजे राज्याचे पंचविसाच्या आसपास. लक्षात आलं का? केंद्राच्या करावरही राज्याचा कर आहे. ५७ रुपयांच्या मालावर ४७ रुपये कर.

तरी हा आकडा मला तितका छळत नाही. कर सगळीकडे असतो. युरोपात पेट्रोलवर याहून मोठा कर आहे. मला छळतं ते त्याचं वागणं.

२०१४ च्या जूनमध्ये भारत घेतो ते कच्चं तेल १०९ डॉलरच्या आसपास होतं. त्या नोव्हेंबरात व्हिएन्नाला तेल निर्यातदार देशांची बैठक झाली, उत्पादन कमी करायचं नाही असं ठरलं आणि भाव कोसळला. जानेवारी २०१६ मध्ये २८ डॉलर. रुपयांत मोजलं तर कच्चं तेल लिटरला बारा रुपये. बसस्टँडवरच्या पाण्याच्या बाटलीपेक्षा स्वस्त! आणि पंपावर? दिल्लीत ७३ रुपयांचं पेट्रोल ६० च्या आसपास आलं. कच्चं तेल तीन चतुर्थांश उतरलं, पेट्रोल पाचवा हिस्साही नाही. मधलं गेलं कुठं? नोव्हेंबर २०१४ ते जानेवारी २०१६ या काळात उत्पादन शुल्क नऊ वेळा वाढलं, साडेनऊ रुपयांचं साडेएकवीसच्या घरात गेलं.

आणि मघाशी लक्षात ठेवा म्हटलं ते २०२०. २० एप्रिलला अमेरिकेत भाव उणे. ५ मे रोजी आपल्याकडे पेट्रोलवर १० रुपये आणि डिझेलवर १३ रुपये कर वाढला. बोर्डावरचा आकडा हलला नाही, कारण स्वस्ताईची जागा करानं घेतली. मग ७ जूनपासून, ८२ दिवसांच्या शांततेनंतर, जगात तेल सावरायला लागल्यावर आपल्याकडे रोज सकाळी सहाला भाव चढू लागला. उतरण आपल्यापर्यंत आली नाही, चढण आली.

आपल्याकडे एक शब्दप्रयोग आहे, झारीतले शुक्राचार्य. बळीराजानं वामनाला तीन पावलं जमीन द्यायचं कबूल केलं, उदक सोडायला झारी तिरकी केली, आणि पाणी पडेना. शुक्राचार्य बारीक रूप घेऊन तोटीत जाऊन बसले होते. आपण त्यांना खलनायक करून टाकलंय. पण ते होते कोणाचे? बळीचेच गुरू. त्यांना बळीचं राज्य वाचवायचं होतं, खजिना वाचवायचा होता. अर्थमंत्रालयात बसलेल्या माणसाचं काम तरी दुसरं काय आहे? लोक खरेदी करायचं थांबवत नाहीत, कर चुकवता येत नाही, वसूल करायला निरीक्षक फिरवावे लागत नाहीत, डेपोच्या दारातच पैसे जमा. असा कर कोण सोडील? तुम्ही-आम्ही त्या खुर्चीत असतो तर सोडला असता?

राज्यंही मागं नाहीत. २०१५ च्या पावसाळ्यानंतर मराठवाडा होरपळला, तेव्हा महाराष्ट्र सरकारनं दुष्काळासाठी म्हणून पेट्रोल-डिझेलवर लिटरला दोन रुपये बसवले. आपल्याच नावानं, म्हणून मी तेव्हा बोललो नाही. पाऊस पडला, धरणं भरली, कर राहिला. २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानं महामार्गालगतची दारूदुकानं बंद झाली, दारूचं उत्पन्न बुडालं. भरपाई कुठून? पेट्रोलवरचा अधिभार वाढवून. पिणाऱ्यानं सोडलं, चालवणाऱ्यानं भरलं.

उलट उदाहरणही शेजारीच आहे. २०१२ मध्ये गोव्यात मनोहर पर्रीकरांनी पेट्रोलवरचा व्हॅट जवळपास शून्यावर आणला, पेट्रोल एका झटक्यात ११ रुपयांनी उतरलं. सावंतवाडी, बांद्याचे लोक टाकी भरायला गोव्यात जायला लागले. तेही पुढे टिकलं नाही, व्हॅट हळूहळू परत आला. छोटं राज्य, मोठं पर्यटन, तरीही.

राज्यं अशी का वागतात, याचं एक कारण केंद्राच्या त्या २१ रुपये ९० पैशांच्या पोटात आहे. त्यातलं मूळ उत्पादन शुल्क फक्त १ रुपया ४० पैसे. राज्यांना वाटा मिळतो तो एवढ्यातूनच, ४१ टक्के, म्हणजे सगळ्या राज्यांत मिळून साठ पैसेसुद्धा नाहीत. बाकी उपकर, अधिभार, विशेष शुल्क. ते सगळं केंद्राकडे राहतं. मग राज्य स्वतःची झारी घेऊन उभं राहतं. पेट्रोल जीएसटीत आणा, अशी मागणी होते. जीएसटी १ जुलै २०१७ ला आला, घटनेत पेट्रोलची जागाही करून ठेवली आहे, पण तारीख जीएसटी परिषदेनं ठरवायची आहे. परिषदेत बसतं कोण? केंद्र आणि राज्यं. दोन्ही शुक्राचार्य.

आता कुणी म्हणेल, सर, भाव तर बाजारावर सोडलेत ना? सोडले. पेट्रोल जून २०१० मध्ये, डिझेल ऑक्टोबर २०१४ मध्ये. त्याआधी काय होतं, तेही विसरू नका. सरकार भाव दाबून धरायचं, कंपन्यांना रोख द्यायला पैसे नसले की रोखे लिहून द्यायचं. आजचं पेट्रोल पुढच्या पिढीच्या उधारीवर. त्या रोख्यांची परतफेड २०२६ पर्यंत चालली. म्हणजे जुनं ते सोनं, असं मी म्हणत नाही. जून २०१७ पासून तर रोज सकाळी सहाला नवा भाव, पैशा-पैशानं वर-खाली, अगदी जगासारखा.

पण या बाजाराला पंचांग कळतं. २०१८ मध्ये कर्नाटकात १२ मेला मतदान होतं. २४ एप्रिलपासून मतदानाच्या दुसऱ्या दिवसापर्यंत भाव जागचा हलला नाही. ४ नोव्हेंबर २०२१, दिवाळीचा दिवस, त्या दिवशी कर उतरला. मग उत्तर प्रदेश-पंजाबच्या निवडणुका झाल्या, युक्रेनचं युद्ध पेटलं, तेल १३० डॉलरच्या वर जाऊन आलं, आणि आपला भाव २२ मार्च २०२२ पर्यंत शांत. त्यानंतर सोळा दिवसांत चौदा वेळा वाढ, लिटरला दहा रुपये. ६ एप्रिल २०२२ नंतर रोजचा भाव रोज बदलणंच थांबलं. २०२२-२३ च्या सुरुवातीला कंपन्यांनी तोटा सोसला, हे खरं. पुढच्या वर्षी तिन्ही सरकारी कंपन्यांचा नफा मिळून ८१ हजार कोटींच्या आसपास गेला, हेही खरं. रशियाचं तेल आपण पूर्वी दोन टक्क्यांच्या आत घ्यायचो, ते एक तृतीयांशाच्या वर गेलं, सवलतीत मिळालं. आणि पंपावर? मार्च २०२४ मध्ये दोन रुपये उतरले. तारीख १५ मार्च. लोकसभा निवडणूक जाहीर झाली १६ मार्चला.

गोष्टीत वामनानं तोटीत दर्भाची काडी घातली, शुक्राचार्यांचा एक डोळा गेला आणि पाणी वाहिलं. आपली काडी पाच वर्षांतून एकदा आत जाते. दोन रुपयांचा थेंब पडतो.

इथेनॉलबद्दल विचारणार, माहीत आहे. २०२५ मध्ये पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल मिसळणं साधलं. परकीय चलन वाचतं, उसाला आणि मक्याला गिऱ्हाईक मिळतं, मी त्याच्या विरोधात नाही. पण त्यानं पेट्रोल स्वस्त होईल असं कुणी सांगितलं तर त्याला एवढंच विचारा: मक्याच्या इथेनॉलला कंपन्या २०२५ मध्ये लिटरला ७१ रुपये ८६ पैसे देत होत्या, आणि करापूर्वीचं पेट्रोल त्याहून बरंच स्वस्त पडत होतं. महाग वस्तू मिसळून मिश्रण स्वस्त कसं होणार?

भाव उतरला की सगळेच खूश होतात, असंही नाही. माझा एक विद्यार्थी पंप चालवतो. २१ मे २०२२, शनिवार, संध्याकाळी उत्पादन शुल्क आठ रुपयांनी उतरल्याची घोषणा झाली. राज्याच्या करासकट पंपावर नऊ रुपयांहून जास्त. त्याच्या जमिनीखालच्या टाकीत आठ हजार लिटर पेट्रोल होतं, दुपारीच टँकर खाली झालेला, कर भरून आणलेला. त्यानं रात्री टाकीत डिपरॉड सोडून वर काढला, बॅटरीच्या उजेडात त्या पितळी पट्टीवरचा ओला डाग बघितला, आणि मनात गुणाकार केला. आठ हजार गुणिले नऊ. बहात्तर हजार. सकाळी सहाला बोर्ड बदलला, लोक पेढे वाटायच्या मूडमध्ये. मला म्हणाला, ‘सर, भाव वाढला की लोक मला शिव्या देतात. उतरला की मी कोणाला द्यायच्या?’

आज इथं येताना मी पंपावर थांबलो. हल्ली लोक शंभर, दोनशे असं गोल मागत नाहीत, मशीन सेट केलेलं असतं म्हणतात, म्हणून एकशेदहा, दोनशेदहा मागतात. मीही दोनशेदहाचं टाक म्हटलं, शून्य बघितलं आणि पावती मागितली. पोरानं आश्चर्यानं बघितलं, पण दिली. तारीख, वेळ, नोझल क्रमांक, दर, लिटर दोन दशांशांपर्यंत, आणि घनतासुद्धा. औषधाच्या दुकानात वीस रुपयांची गोळी घेतली तर तिच्या बिलावर केंद्राचा कर वेगळा आणि राज्याचा वेगळा छापतात. मी पावती उलटी करून बघितली. मागं बँकेची जाहिरात होती.

‘यात कर कुठं लिहिलाय रे?’ मी विचारलं.

‘सर,’ तो म्हणाला, ‘जरा पुढं घ्या. मागं गाड्या थांबल्यात.’